६४ वजा ८१ किती? अनसाइन्ड वजाबाकी आणि बफरची हद्द

फलाटवाला
स्टेशनवरच्या इंडिकेटरसारखा छोटा फलक. एका ओळीला ६४ बाइट्सचा बफर (मजकूर ठेवायची ठरावीक जागा). ओळ तुकड्यातुकड्यांनी भरायची: आधी स्टेशनचं नाव, मग डबे १२ की १५, मग स्लो की फास्ट. सी भाषेतला कोड, या मंचाच्या रिवाजाप्रमाणे देवनागरीत (साइझ_टी म्हणजे आकार मोजायचा अनसाइन्ड, ऋण न होणारा आकडा; एसएनप्रिंटएफ म्हणजे दिलेल्या मर्यादेत मजकूर बफरमध्ये लिहिणारं फंक्शन; साइझऑफ ओळ म्हणजे बफरचा आकार):

चार ओळ[६४];
साइझ_टी जागा = ०;
जागा += एसएनप्रिंटएफ(ओळ + जागा, साइझऑफ ओळ − जागा, …, नाव);
जागा += एसएनप्रिंटएफ(ओळ + जागा, साइझऑफ ओळ − जागा, …, डबे);

दादर, ठाणे, घाटकोपर सगळं व्यवस्थित. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस लावलं की लॅपटॉपवर 'स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड' (बफरबाहेर लिहिलं गेल्याची सूचना) येऊन प्रोग्राम बंद. तोच कोड लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या ३२ बिट बोर्डवर टाकला तर बंद पडत नाही, पण नावापुढे डबे उमटत नाहीत. एसएनप्रिंटएफला मर्यादा दिलेली असताना बफर फाटतो कसा? दुसऱ्या ओळीआधी इफ (साइझऑफ ओळ − जागा > ०) अशी तपासणीही लावून पाहिली. काही फरक नाही.

बाकीशून्य
आधी बाइट्स मोजा, मग बाकीचं. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स खातं. काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं. 'दादर' म्हणजे द, काना, द, र: १२ बाइट्स. 'घाटकोपर' २१. 'छत्रपती' ७ चिन्हं, 'शिवाजी' ६, 'महाराज' ६, 'टर्मिनस' ७. एकूण २६ गुणिले ३ म्हणजे ७८, आणि मधल्या तीन स्पेस. ८१ बाइट्स. शेवटचा शून्य बाइट धरला तर ८२.

आता खरी गोम. एसएनप्रिंटएफ किती बाइट्स लिहिले ते सांगत नाही. जागा पुरली असती तर किती लिहिले असते ते सांगतं. म्हणजे पहिल्या ओळीने बफरमध्ये ६३ बाइट्स आणि शून्य टाकलं, मर्यादा पाळली, आणि परत दिले ८१. जागा झाली ८१.

दुसऱ्या ओळीत ६४ − ८१. शाळेत आपण हातचा घेतो, पण तो द्यायला डावीकडे घर असावं लागतं. साइझ_टी ला डावीकडे घर नाही. तरी वजाबाकी होते, जणू पुढच्या घरात १ होताच. ६४ बिट मशीनवर उत्तर १८४४६७४४०७३७०९५५१५९९. ही चूक नाही, सी भाषेचा नियमच तसा आहे: अनसाइन्ड गणित २ च्या घातावर गोल फिरतं, आणि ते पूर्णपणे ठरलेलं आहे. मर्यादा म्हणून एवढा आकडा गेल्यावर एसएनप्रिंटएफच्या दृष्टीने मैदान मोकळं. ते ओळ + ८१ पासून लिहीत सुटतं.

तुमची > ० वाली तपासणी का निरुपयोगी, तेही यातच आलं. अनसाइन्ड आकडा शून्याखाली जातच नाही. ती अट फक्त जागा बरोब्बर ६४ असतानाच खोटी ठरते, बाकी कायम खरी. शिवाय आकडा तपासायला पर्सेंट-डी ने (साइन्ड इंट छापायची खूण) छापला असेल तर पडद्यावर बहुतेक −१७ दिसेल आणि 'ऋण तर आहे, मग अट का लागत नाही' म्हणून तासभर जाईल. साइझ_टी छापायला पर्सेंट-झेड-यू.

लॅमिंग्टनरोड
बोर्डचं कोडं: तिथे साइझ_टी ३२ बिट्सचा, म्हणून मर्यादा ४२९४९६७२७९ झाली. तिथल्या छोट्या सी लायब्ररीत एक जास्तीची तपासणी असते. मर्यादा आयएनटी_मॅक्सपेक्षा (इंटमध्ये मावणाऱ्या सर्वात मोठ्या आकड्यापेक्षा) मोठी आली तर काही न लिहिता −१ परत. म्हणून स्टॅक वाचला आणि डबे गायब झाले. पण तुमचा कोड ते −१ सुद्धा बेरजेत घेतो, जागा ८१ ची ८० होते. पुढच्या तुकड्याला ७९. चूक तीच, फक्त लपलेली. लपलेली जास्त वाईट.

आणि −१ पहिल्याच तुकड्याला आलं तर? ० + (−१) साइझ_टी मध्ये म्हणजे जगातला सर्वात मोठा साइझ_टी. ओळ + जागा कुठे जाईल ते बघा.

बाकीशून्य
बरोबर. म्हणून उत्तर सरळ बेरजेत घालायचंच नाही. आधी इंटमध्ये घ्या:

साइझ_टी जागा = ०, बाकी = साइझऑफ ओळ;
इंट न = एसएनप्रिंटएफ(ओळ + जागा, बाकी, …);
इफ (न < ०) चूक;
इफ ((साइझ_टी)न >= बाकी) कापलं गेलं;
जागा += न; बाकी −= न;

क्रम महत्त्वाचा. न < ० ही तपासणी कास्टच्या (प्रकार बदलण्याच्या) आधी. उलट केलंत तर −१ कास्टमध्येच अवाढव्य होतो. >= का, तर शून्य बाइटलाही एक जागा लागते: न बरोबर ६४ आला तरी शेवटचा बाइट कापलेलाच असतो. वजाबाकी सर्वात शेवटी, न हा बाकीपेक्षा लहान आहे हे ठरल्यावर. त्यामुळे बाकी कधी १ च्या खाली येत नाही आणि फिरायचा प्रश्नच उरत नाही.

तिसरा_डबा
कापलं गेलं तर फलकावर काय दिसणार? ६३ व्या बाइटवर तुटलं की अक्षर अर्धं राहून चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येणार ना?

बाकीशून्य
या नावाला नशिबाने नाही. छत्रपती २१, स्पेस २२, शिवाजी ४०, स्पेस ४१, महाराज ५९, स्पेस ६०, ट ६३. बरोबर अक्षराच्या कडेला तुटतं आणि फलकावर 'छत्रपती शिवाजी महाराज ट' येतं. नावाआधी एक साधी स्पेस जरी आली तरी 'ट' चे दोनच बाइट्स बसतात, आणि मग चौकोन.

उपाय: ज्या बाइटवर तुटलं तो बाइट मूळ नावात बघायचा. वरचे दोन बिट १० असतील तर तो अक्षराचा मधला तुकडा, एक पाऊल मागे या.

साइझ_टी क = बाकी − १;
व्हाइल (क > ० && (नाव[क] & १९२) == १२८) क−−;
ओळ[जागा + क] = ०;

दोन गोष्टी. & भोवतीचा कंस सोडू नका; सी मध्ये == आधी बांधलं जातं आणि अट भलतीच होते. आणि क > ० ही अट डावीकडेच हवी, कारण ती आधी तपासली जाते. हे तुकड्यात फक्त नाव असेल तेव्हाच चालतं. फॉरमॅटमध्ये आणखी काही असेल तर नाव[क] आणि ओळ[जागा + क] जुळणार नाहीत. मात्रा सुटून 'मि' चा 'म' होऊ शकतो, तेवढं सोसा.

कुर्ला_जंक्शन
फलकाला ही ओळ सीरियल लाइनवरून येत असेल तर दुसरं भोक तिथे असणार. फ्रेममध्ये साधारण 'कुठून लिहायचं' आणि 'किती लिहायचं' असे दोन १६ बिट आकडे असतात, आणि तपासणी नव्वद टक्के लोक अशी लिहितात:

इफ (सुरुवात + लांबी > ६४) नाकारा;

वाचायला निर्दोष. ३२ बिट बोर्डवर खरंच निर्दोष, कारण १६ बिटचे आकडे बेरजेआधी इंटमध्ये बढती घेतात (आपोआप मोठ्या प्रकारात जातात); ६५५३५ + ६५५३५ = १३१०७० आरामात मावतं. हाच कोड आर्डुइनो ऊनोवर न्या. तिथे इंट १६ बिट, म्हणून ही बेरीज १६ बिट अनसाइन्डमध्येच होते. सुरुवात ६५५३०, लांबी १०. बेरीज ६५५४०, हातचा गळाला, उरले ४. चार काही ६४ पेक्षा मोठे नाहीत, या आत! मेमकॉपी (बाइट्सची नक्कल करणारं फंक्शन) मग बफरपासून ६५५३० बाइट्स पुढे, म्हणजे ऊनोच्या १६ बिट पत्त्यात गोल फिरून बफरच्या ६ बाइट्स मागे.

३२ बिटवरही बेरीज आधी यूइंट१६_टी मध्ये ठेवून मग तुलना केलीत तर हेच. आणि दोन्ही आकडे ३२ बिटचे असतील तर सगळीकडेच हेच.

बाकीशून्य
म्हणून बाहेरून आलेल्या दोन आकड्यांची आपसांत बेरीज करायची नाही. बाहेरचा आकडा एका बाजूला एकटा ठेवा, गणित आपल्या घरच्या आकड्यांवर करा:

इफ (सुरुवात > ६४ || लांबी > ६४ − सुरुवात) नाकारा;

पहिली अट पार झाल्यावर ६४ − सुरुवात फिरूच शकत नाही. दोन्ही अटींची अदलाबदल नको. तपासायला या सहा जोड्या टाका: (०, ६४) आणि (६४, ०) चालल्या पाहिजेत, (६४, १), (१, ६४), (६५, ०), (६५५३०, १०) नाकारल्या गेल्या पाहिजेत. (६५, ०) लोक विसरतात. लांबी शून्य म्हणून काही लिहिलं जात नाही हे खरं, पण पुढे कोणी ओळ[सुरुवात] ला हात लावला की संपलं.

आणि लांबी आपल्या बफरशी जुळली म्हणजे काम झालं असं नाही. पाठवणाऱ्याने ५० म्हटलं आणि फ्रेममध्ये आले १२, तर उरलेले ३८ बाइट्स शेजारच्या मेमरीतून वाचले जातात. २०१४ ची हार्टब्लीड नावाची गाजलेली सुरक्षाचूक हीच. ओपनएसएसएलमध्ये (इंटरनेटवरचं एन्क्रिप्शन करणारी लायब्ररी) हार्टबीट, म्हणजे 'जोडणी जिवंत आहे ना' विचारणाऱ्या, संदेशातली १६ बिट लांबी प्रत्यक्ष आलेल्या रेकॉर्डशी ताडूनच पाहिली नव्हती. एका मागणीला ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर. १.०.१जी आवृत्तीत ती तपासणी आली: १ + २ + लांबी + १६ रेकॉर्डपेक्षा जास्त असेल तर संदेश टाकून द्या. तिथे बेरीज चालते, कारण लांबी १६ बिटचीच आणि बेरीज ३२ बिटमध्ये. बेरीज वाईट नाही, मावते की नाही ते माहीत नसणं वाईट.

सावध_पॉइंटर
एवढ्या कसरतीपेक्षा सगळीकडे साधा इंट का नाही? ६४ − ८१ = −१७, < ० तपासा, विषय संपला. अनसाइन्डचा हट्ट कशाला?

बाकीशून्य
लहान, माहितीतल्या आकड्यांना चालेल. पण दोन अडचणी.

एक, साइन्ड (ऋणही होऊ शकणारा) आकडा ओव्हरफ्लो झाला, म्हणजे मावेनासा झाला, तर सी भाषा काहीच कबूल करत नाही. सी भाषेच्या २०२३ च्या मानकाने (सी२३) ऋण आकडे दोनच्या पूरकातच (टूज कॉम्प्लिमेंट) ठेवायचे असं पक्कं केलं, ओव्हरफ्लो मात्र तसाच बेवारस ठेवला. त्यामुळे इफ (अ + १०० < अ) अशी 'ओव्हरफ्लो झाला का' तपासणी लिहिलीत तर कंपायलर म्हणतो, असं होऊच शकत नाही, आणि ऑप्टिमायझेशनमध्ये ती ओळच उडवतो. पॉइंटरचंही तसंच: इफ (प + लांबी < प). जीसीसी कंपायलर ही तपासणी काढून टाकतो म्हणून सर्टने (संगणक-सुरक्षेचे इशारे देणारी संस्था) २००८ मध्ये इशारा काढला होता. डीबगमध्ये चालतं, रिलीजमध्ये नाही, ही तक्रार पुष्कळदा इथूनच येते.

दोन, साइझऑफ आणि स्ट्रलेन (मजकुराची लांबी मोजणारं फंक्शन) साइझ_टी देतात, तुम्हाला हवं असो वा नसो. इंट आणि साइझ_टी समोरासमोर आले की इंटला अनसाइन्ड व्हावं लागतं. इफ (न < साइझऑफ ओळ) मध्ये न −१ असेल तर अट खोटी. आणि इफ (न > ६४) नाकारा, एवढंच लिहून न मेमकॉपीला दिलात तर −१ सुखरूप पार होतो आणि तिथे जाऊन राक्षस होतो. ६४ शी तुलना इंटमध्ये झाली, कॉपी साइझ_टी मध्ये. एकाच आकड्याचे दोन अर्थ.

सावध_पॉइंटर
मान्य, अर्धंच. रीडचं (बाइट्स वाचणारं फंक्शन, चूक झाली तर −१ देतं) उत्तर साइझ_टी मध्ये घेणारेही तितकेच आहेत. −१ ची चूक तिथे कधी सापडतच नाही. ते एससाइझ_टी मध्येच (साइझ_टी चा साइन्ड भाऊ) घ्यायला हवं.

बाकीशून्य
हो, त्यात वाद नाही.

कुर्ला_जंक्शन
बेरीज-वजाबाकी झाली, गुणाकार राहिला. मेमरी मागणारं मॅलॉक(संख्या * ८), ३२ बिटवर, संख्या ५३६८७०९१३. गुणाकार ४२९४९६७३०४, त्यातून २ चा ३२ वा घात गेला की उरतात ८. आठ बाइट्स मिळतात, मॅलॉक खूश, आणि मग लूप त्रेपन्न कोटींवर नोंदी लिहायला निघतो. २००२ मध्ये ओपनएसएसएचच्या (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) चॅलेंज-रिस्पॉन्स भागात हेच घडलं होतं: समोरून आलेली उत्तरांची संख्या गुणिले पॉइंटरचा आकार. ३.४ मध्ये दुरुस्ती.

तपासणी भागाकाराने: इफ (संख्या > साइझ_मॅक्स / ८) नाकारा. किंवा कॅलॉक वापरा, हल्लीच्या लायब्ररीत तो गुणाकार आतून तपासतो. मिळालेली मेमरी वाढवायची असेल तर रीॲलॉकॲरे. ओपनबीएसडीने आणला, ग्लिबसीत (लिनक्सवरची सी लायब्ररी) २.२६ पासून आहे. जीसीसी ५ पासून बिल्टिन ओव्हरफ्लो फंक्शन्स मिळतात, आणि सी२३ मध्ये सीकेडी_ॲड, सीकेडी_सब, सीकेडी_मल अशी मानकातलीच आली. ती 'मावलं नाही' असेल तर खरं परत देतात. हे उलटं वाटतं, पहिल्यांदा सगळे उलटी अट लिहितात.

एक विचित्र प्रकारही सांगून ठेवतो. दोन यूइंट१६_टी चा गुणाकार, दोघेही ६५५३५. अनसाइन्ड आहेत म्हणून निर्धास्त? ३२ बिटवर दोघे बढती घेऊन साइन्ड इंट होतात, गुणाकार ४२९४८३६२२५, इंटमध्ये मावत नाही, बेवारस. एकाला आधी यूइंट३२_टी करा.

लॅमिंग्टनरोड
फिरणं दर वेळी शत्रू नसतं. मिलिस() (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) ३२ बिट, ४९ दिवस १७ तास २ मिनिटं ४७ सेकंदांनी शून्यावर येतं. फलक सतत चालू राहणार, तेव्हा ती वेळ येणारच.

चूक: इफ (आत्ता >= मागचं + मुदत)
बरोबर: इफ (आत्ता − मागचं >= मुदत)

मागचं ४२९४९६७२९०, आत्ता ४. वजाबाकी १०. बरोबर १० मिलिसेकंद झालेत. ११:५० ची लोकल पकडून १२:१० ला उतरलात तर प्रवास वीसच मिनिटांचा; तारीख बदलली म्हणून कोणी उणे म्हणत नाही. इथे हातचा आपोआप मिळतो तेच हवं आहे.

पण वेळ यूइंट१६_टी मध्ये साठवत असाल तर ३२ बिट बोर्डवर पुन्हा तीच बढती: ४ − ६५५३० = −६५५२६, फिरत नाही, ऋण होतं. निकाल परत (यूइंट१६_टी) करून मग तुलना. हेच ऊनोवर कास्टशिवाय चालतं. बोर्ड बदलला की मोडतं ते यामुळे.

तपासायला ५० दिवस थांबू नका. लिनक्स कर्नल वेळ मोजणारा आपला जिफीज काउंटर मुद्दाम शेवटाजवळून सुरू करतो, ३२ बिटवर तो बूटनंतर ५ मिनिटांनी फिरतो. तुमच्या वेळेत असाच मोठा आकडा मिळवून टाका, चहा होईपर्यंत चूक समोर.

तिसरा_डबा
कंपायलर यातलं काही पकडत नाही का? डब्ल्यूऑल (इशारे दाखवायचा पर्याय) लावलेलं असतं की.

कुर्ला_जंक्शन
सी साठी डब्ल्यूऑलमध्ये साइन-कम्पेअर (साइन्ड-अनसाइन्ड तुलनेचा इशारा) नाही. सी++ साठी आहे. सी ला डब्ल्यूएक्स्ट्रा लावा. साइन-कन्व्हर्जन वेगळं मागावं लागतं, आणि जुन्या कोडवर लावलंत तर इशाऱ्यांचा पाऊस पडतो. नव्या फाइलींपासून सुरू करा. यूबी सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना बेवारस प्रकार पकडणारी तपासणी) ६४ − ८१ ला हरकत घेत नाही, कारण ते नियमात बसतं. क्लँग कंपायलरमध्ये अनसाइन्ड ओव्हरफ्लोचा वेगळा सॅनिटायझर आहे, पण तो वरच्या घड्याळावरही ओरडेल. ॲड्रेस सॅनिटायझर बफरबाहेरचं लिखाण पकडतो, अर्थात ८१ बाइट्सचं नाव चाचणीत असेल तरच. नुसतं 'दादर' टाकून कोणताही सॅनिटायझर बोलणार नाही.

फलाटवाला
सगळ्यांचे आभार. बफर १२८ केला, क्रम बदलला: डबे आणि स्लो/फास्ट आधी, नाव शेवटी, म्हणजे कापलं तर नावच कापलं जाईल. न आणि बाकी वेगळे. सहाही जोड्या हव्या तशा लागल्या. ओळीच्या शेवटच्या स्पेस काढायला एवढं जोडलंय:

फॉर (साइझ_टी आय = जागा − १; आय >= ०; आय−−)
 इफ (ओळ[आय] == ' ') ओळ[आय] = ०; एल्स ब्रेक;

बाकीशून्य
ही गाडी चर्चगेटला थांबत नाही. ओळ सगळी स्पेसची असेल तर आय शून्यावरून एक मागे जातो आणि थेट विरारच्या पलीकडे उगवतो. आय >= ० कायम खरं. जागा ० असेल तर सुरुवातच तिथून. डब्ल्यूएक्स्ट्रामधला टाइप-लिमिट्स इशारा याच ओळीवर बोट ठेवेल, लावून बघा.

व्हाइल (जागा > ० && ओळ[जागा − १] == ' ') ओळ[−−जागा] = ०;

फलाटवाला
लावून पाहिलं, इशारा त्याच ओळीवर आला. बदललं. रिकामी ओळ, एकच स्पेस आणि १२७ स्पेस, तिन्ही टाकून झाल्या.